उत्पादन, उतारा की रूपांतर?

प्रश्न असा आलाय की प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीत लिहायचाय, शीर्षक ठरलंय 'वर्णपटाद्वारे बायोडिझेल उत्पादनाचे मापन', पण सर म्हणतात यील्डला 'उत्पादन' लिहू नका, मग काय लिहायचं?

सरांचं बरोबर आहे. उत्पादन म्हणजे एकूण माल किती निघाला, लिटरमधे नाहीतर टनात. यील्ड म्हणजे जेवढं घातलं त्या मानानं हाती किती आलं, आणि त्याला सोलापुरात बसून नवा शब्द कशाला शोधायचा, उतारा आहे की! साखर कारखान्यात रोज तोच बोलतात, उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, तीसुद्धा १०.२५ टक्के पायाभूत उतारा धरून ठरते, करडई घाण्यावर नेली तरी पहिला प्रश्न हाच की तेलाचा उतारा किती पडला. सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा हे पण आहेत पण मागं 'तेलाचा' लागलं की कुणी गोंधळत नाही.

पण खरी गोम पुढं आहे, तुमचं वर्णपट काढणारं मशीन उतारा मोजतच नाही. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की तेलाचं मिथाइल एस्टर होतं, तेच बायोडिझेल, ग्लिसरीन खाली बसतं. वरच्या थरातला नमुना एनएमआरला (चुंबकक्षेत्रात हायड्रोजनची नोंद घेणारं यंत्र) दिला की एस्टरच्या मेथॉक्सीचं, म्हणजे मिथेनॉलकडून आलेल्या गटाचं, शिखर वर्णपटाच्या आडव्या पट्टीवर ३.७ पीपीएमजवळ दिसतं, आणि २.३ जवळ दुसरं शिखर असतं जे मूळ तेलातही असतं आणि एस्टरमधेही, मग पहिल्याचं क्षेत्रफळ ३ नं भागायचं, दुसऱ्याचं २ नं, कारण त्या त्या गटात हायड्रोजन तेवढे आहेत, आणि गुणोत्तर काढलं की शेकडा किती तेल बदललं ते कळतं. इन्फ्रारेडवर तेच काम १४३६ तरंगांकाजवळचा (दर सेंटिमीटरला किती लाटा, तो आकडा) पट्टा बघून करतात, तो मिथाइल एस्टरमुळं येतो. म्हणजे हे झालं रूपांतर, कन्व्हर्जन.

वजनानं बघितलं तर किलोभर तेलाचं जवळजवळ किलोभरच बायोडिझेल व्हायला पाहिजे. समजा मशीननं ९८ टक्के दाखवलं, पण तेल भज्याच्या कढईतलं वापरलेलं होतं, साबण झाला, धुताना पाण्याबरोबर थोडं गेलं आणि हातात आलं ९०० ग्रॅम. रूपांतर ९८, उतारा ९०. दोन्ही आकडे खरे, फक्त एकाच्या जागी दुसरा छापला तर परीक्षक धरणारच, आणि धरावंच.

तेव्हा शीर्षक 'वर्णपटाच्या आधारे तेलाच्या बायोडिझेलमधील रूपांतराचे मापन' असं करा, जरा लांब आहे पण चालेल. वजन केलं असेल तर उताऱ्याचा रकाना वेगळा द्या. 'जैवडिझेल' करायच्या फंदात पडू नका, अर्धा शब्द भाषांतरित करून काय मिळतं कोण जाणे. इन्फ्रारेडला मात्र 'अवरक्त' बिनधास्त लिहा, त्यातला रक्त म्हणजे लाल, रक्तचंदनातला, त्याचा ब्लड बँकेशी काही संबंध नाही.