जगात सर्वाधिक मृत्यू कशाने होतात आणि त्यात नर्सचं काम काय?

पहिला नंबर हृदयविकाराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये त्याने सुमारे ९१ लाख लोक गेले, एकूण मृत्यूंच्या १३ टक्के. त्या वर्षी दुसरा कोविड होता, तो अपवाद धरा. मग पक्षाघात, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागत राहणारा फुप्फुसांचा जुनाट आजार).

हृदयविकार आणि पक्षाघातामागे बरेचदा उच्च रक्तदाब असतो, आणि तो दुखत-खुपत नाही. तो बहुतेकदा नर्सच्याच हाती सापडतो. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून, पाठीला टेका देऊन, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, गप्पा बंद करून मोजला तरच आकडा खरा. धापा टाकत आलेल्याचा लगेच घेतला तर फसगत ठरलेली.

सीओपीडीत इनहेलर ओढायला शिकवणं हेच मोठं काम. कित्येकांचं औषध फुप्फुसात न जाता घशातच बसतं.