जानेवारीत माल्टाला जाताय? मग हे वाचा

जा, बिनधास्त जा. फक्त पोहण्याचा बेत डोक्यातून काढा. दुपारी पारा 15-16 अंशांवर असतो, पुण्याच्या थंडीची सवय असलेल्याला ही काही थंडी नव्हे, असं वाटतं. फसतो माणूस तो घरात! चुनखडीच्या दगडी भिंती, ओल धरलेली हवा आणि बऱ्याच घरांत हीटिंगचा पत्ता नाही. पहिल्या रात्री मी जॅकेट घालूनच झोपलो. खोली बुक करताना हीटर आहे का, हे आधी विचारून घ्या.

मजा वेगळीच असते. उन्हाळ्यात करपून गेलेलं बेट हिरवंगार असतं, बांधांवर पिवळी आंबोशीसारखी फुलं. डिंगलीच्या कड्यावर चालायला जा, वारा मात्र टोपी उडवेल. 10 फेब्रुवारीपर्यंत थांबता आलं तर राजधानी व्हॅलेटात संत पॉलचा उत्सव बघा, गल्ल्यांत कागदाच्या कपट्यांचा नुसता पाऊस पडतो.

हाल सफ्लिएनीच्या भूमिगत दफनस्थळाचं तिकीट मात्र ऐन हिवाळ्यातही आधीच काढा. एका फेरीत 10 जणच सोडतात.

शेजारच्या गोझो बेटावर मोठी फेरीबोट पंचवीसेक मिनिटांत पोचवते, पण ईशान्येचा ‘ग्रिगाल’ वारा सुटला की कोमिनो बेटाच्या छोट्या होड्या बंद. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटाबिटावर जाऊ नका. शेंगेन व्हिसाची तयारी दोनेक महिने आधी सुरू करा.