हंगामपूर्व सामने : खेळाडूची पारख कशी करावी?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत हंगामपूर्व सामन्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जात नाहीत आणि नावाजलेले खेळाडूही बहुतेक वेळ बाहेर बसून असतात. मग या सामन्यांवरून संघांनी खेळाडूंची पारख नेमकी कशी करावी?

उत्तर : सर्वप्रथम निकालाकडे पाहणे सोडून द्यावे. २००८ साली डेट्रॉइट लायन्सने हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि मुख्य हंगामातील सोळाच्या सोळा सामने गमावले. २०१७ साली क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बाबतीतही अगदी हेच घडले. आकडेवारीही तितकीच फसवी असते. शेवटच्या सत्रात एखाद्या रिसीव्हरने (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले, तर त्याला रोखणारे बचावपटू थोड्याच दिवसांत स्वतःच संघाबाहेर जाणारे होते का, हे आधी तपासले पाहिजे. कामगिरी कोणासमोर झाली हे नोंदवल्याशिवाय ती किती चांगली होती हे ठरवताच येत नाही, आणि म्हणूनच ज्याच्याविषयी प्रशिक्षकांच्या मनात खरोखर आशा आहे, अशा नवोदिताला पहिल्या सत्रात, प्रतिस्पर्ध्याची मुख्य फळी मैदानात असतानाच, निदान काही डाव (चेंडू एकदा खेळात आला की होणारी एकेक खेळी) खेळवायला हवेत.

दुसरे असे की, प्रत्येक खेळाडूविषयीचा प्रश्न सामन्याआधीच लिहून ठेवावा. शिबिरात ९० पर्यंत खेळाडू असतात, मुख्य संघात ५३ जणांनाच जागा मिळते आणि २०२१ पासून बहुतेक संघांना हंगामपूर्व सामने तीनच मिळतात. त्यामुळे ‘पाहू या, कसा खेळतो’ एवढ्यावर भागत नाही. समजा, क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूचे) रक्षण करणाऱ्या राखीव फळीतील एखाद्या गार्डविषयी शंका आहे. त्याने क्वार्टरबॅकपर्यंत कोणाला पोहोचू दिले नाही, एवढी नोंद पुरेशी नाही. चित्रफीत थांबवून पाहावे : चेंडू सुटताच त्याचा पहिला पाय कोठे पडला, समोरच्याने धडक दिल्यावर कंबर सरळ होऊन तो मागे रेटला गेला का, आणि बचावपटूंनी ऐन वेळी जागांची अदलाबदल केल्यावर नव्याने समोर आलेला माणूस त्याने ओळखला का. डाव फसूनही या तिन्ही गोष्टी बरोबर असतील तर तो खेळाडू कामाचा आहे. डाव साधला पण शेजारच्या सेंटरने (फळीच्या मध्यभागी उभ्या खेळाडूने) त्याची चूक झाकली असेल, तर ते श्रेय त्याचे नव्हे.

संघातील शेवटच्या सात-आठ जागांचा निर्णय मात्र बहुधा स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकऑफ आणि पंटच्या वेळच्या, चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे सोपवतानाच्या खेळावर ठरतो, आणि माझ्या मते तो तसाच ठरायला हवा. १९९५ साली नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सहाव्या फेरीत निवडलेला टेरेल डेव्हिस हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) डेन्व्हर ब्रॉन्कोसच्या यादीत अगदी तळाशी होता. टोकियोत सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सविरुद्धच्या हंगामपूर्व सामन्यात किकऑफवर चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणाऱ्या त्याच्या जबरदस्त टॅकलने प्रशिक्षकांचे लक्ष वेधून घेतले. पुढे १९९८ च्या हंगामात याच खेळाडूने २,००८ यार्ड धावून काढले. चेंडू हाती नसताना खेळाडू काय करतो, हे त्या दिवशी कोणीतरी नीट पाहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : मुख्य क्वार्टरबॅकला या सामन्यांत खेळवावे का?

उत्तर : अनुभवी असेल तर फारसे खेळवू नये. त्याच्याविषयी नवे कळण्यासारखे थोडे असते आणि दुखापतीचा धोका मात्र पूर्ण असतो. त्याची लय दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावात साधता येते, कारण तेथे क्वार्टरबॅकला पाडण्यास मनाई असते.

खरी पारख दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकची व्हायला हवी, आणि येथेच बरेच संघ चुकतात असे मला वाटते. त्याला राखीव लाइनमनच्या (रक्षण करणाऱ्या फळीतील खेळाडूंच्या) मागे उभे केले जाते, तो चार वेळा जमिनीवर पाडला जातो आणि मग त्याच्यावर घाबरटपणाचा शिक्का बसतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन हंगामपूर्व सामन्यातच गुडघ्याच्या दुखापतीने संपूर्ण हंगामाला मुकला. त्याच्या जागी आलेल्या कर्ट वॉर्नरने त्याच हंगामात संघाला सुपर बोल, म्हणजे स्पर्धेचा अंतिम सामना, जिंकून दिला. अशी वेळ आल्यास राखीव क्वार्टरबॅकच्या पुढे मुख्य फळीच उभी असणार. म्हणून एका सामन्यात तरी दोन-तीन चढाया त्याला मुख्य लाइनमनसह द्याव्यात, आणि चेंडू हातातून सोडायला त्याला किती वेळ लागतो, पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर नजर दुसऱ्याकडे वळते की पाय आधी पळू लागतात, एवढेच टिपावे.

प्रश्न : केवळ आपल्याच खेळाडूंकडे पाहणे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. कपातीच्या दिवशी इतर ३१ संघ शेकडो खेळाडू सोडतात आणि त्यांवर हक्क सांगायला जेमतेम एक दिवस मिळतो. ज्या जागी आपला संघ दुबळा आहे, त्या जागेवरील इतर संघांच्या राखीव खेळाडूंच्या चित्रफिती पहिल्या हंगामपूर्व सामन्यापासूनच पाहिल्या असतील, तरच त्या एका दिवसात योग्य नाव पुढे करता येते.