कृष्णविवराचं ‘छायाचित्र’ की ‘प्रतिमा’?

प्रश्न असा आहे: ‘कृष्णविवराचे पहिले छायाचित्र’ असं बातम्यांत वाचलं, पण जाणकार म्हणतात की तो फोटो नव्हेच. मग मराठीत त्याला काय म्हणावं? आणि पुढची दुर्बिणींची जाळी ‘व्हिडिओ’ काढणार आहेत, त्याला शब्द कोणता?

मी ‘प्रतिमा’ म्हणेन. ‘छायाचित्र’ इथे दोनदा अडतो.

फोटोसाठी हा शब्द इतका रुळला आहे की त्यातली छाया आता कुणाला ऐकू येत नाही. (‘प्रकाशचित्र’ म्हणणारेही आहेत, फोटोच्या मूळ अर्थाला तोच जवळचा.) पण १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रात मधल्या काळ्या भागाचं शास्त्रीय नावच ‘छाया’ आहे. जे किरण आपल्यापर्यंत पोचले असते ते विवराने गिळले, म्हणून तिथे काळोख. किरण वाकत असल्यामुळे ही छाया घटनाक्षितिजाच्या (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेच्या) अडीच पटींहून थोडी मोठी दिसते. तिला ‘सावली’ म्हटलं की ती कशावर पडली, हा प्रश्न उभा राहतो. छायेलाही तो विचारता येईल, पण ‘छायाकल्प ग्रहणा’मुळे ती खगोलशास्त्रात आधीच घर करून आहे. म्हणून ‘छाया’ त्या काळोखासाठी राखून ठेवावी.

दुसरी अडचण मोठी आहे. छायाचित्र म्हटलं की कॅमेऱ्याची कळ दाबलेली डोळ्यांसमोर येते. इथे एप्रिल २०१७मध्ये सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटरच्या लहरी हायड्रोजन मेसरच्या (अतिशय अचूक अशा अणु-) घड्याळांवर वेळ नोंदवत हार्ड डिस्कवर साठवल्या आणि त्या नोंदी नंतर एकत्र जुळवल्या गेल्या. दुर्बिणींची एक जोडी चित्राचा तुकडा देत नाही, एक माप देते: जवळची जोडी ढोबळ आकाराचं, दूरची जोडी बारकाव्यांचं. पृथ्वी फिरते तशी जोडीची दिशा बदलते आणि मापं वाढतात. तरी मध्ये फटी राहतात, आणि त्याच मापांत बसणारी वेगवेगळी चित्रं निघू शकतात. म्हणूनच चार गटांनी एकमेकांना न विचारता आपापलं चित्र तयार करून पाहिलं. आता ‘प्रतिमा’ शब्द बघा: प्रति अधिक ‘मा’, म्हणजे मोजणे. मापांवरून घडवलेली ती प्रतिमा. इतका चपखल शब्द हाताशी असताना दुसरा का शोधायचा?

व्हिडिओसाठी ‘चलप्रतिमा’ सुचवतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं विवर एम८७मधल्या विवराच्या दीड हजार पटींहून हलकं आणि म्हणून तितकंच लहान आहे, त्यामुळे तिथलं दृश्य मिनिटांत पालटतं. पृथ्वी फिरेपर्यंत थांबायला सवड नाही. सगळी मापं एकाच वेळी हवीत. आठ दुर्बिणींच्या जोड्या २८ होतात, दुर्बिणी वीस झाल्या तर १९०! म्हणून पुढच्या जाळ्याच्या आराखड्यात सुमारे दहा नव्या तबकड्यांचा, म्हणजे रेडिओ दुर्बिणींचा, विचार आहे. तबकडी किती मोठी, यापेक्षा ती कुठली फट बुजवते हे तिथे आधी बघतात. जागा उंच आणि कोरडी हवी, कारण हवेतली वाफ या लहरी शोषून घेते. बारकावा वाढवायला ०.८७ मिलिमीटरच्या, अधिक आखूड लहरी आहेतच, पण दोन दुर्बिणींमधलं अंतर, ज्याला ‘आधाररेषा’ म्हणावं, ते जमिनीवर पृथ्वीच्या व्यासापुढे जाऊ शकत नाही. म्हणून अवकाशात तबकडी पाठवण्याचा ‘ब्लॅक होल एक्स्प्लोरर’ हा प्रस्ताव आहे. विवराभोवती फिरून निसटलेल्या प्रकाशाची अतिशय बारीक रेघ तिला टिपायची आहे.

त्या रेघेला मी ‘फोटॉन-कडं’ लिहितो (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण). ‘वलय’ हा शब्द आत्ता दिसलेल्या जाड, धूसर वर्तुळासाठी असू द्यावा. दोन्हींना एकच नाव दिलं, तर नव्या जाळ्याने वेगळं काय दाखवलं ते मराठीत सांगता येणार नाही.