वाचकांचे प्रश्न : सण तिकडचे, आभाळ ठाण्याचे

प्रश्न : आम्ही घरी पेगन (युरोपातल्या ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेवर बेतलेल्या आधुनिक पंथाच्या) वर्षचक्रातले आठ सण पाळतो. १ ऑगस्टच्या लूनासाला नव्या धान्याची भाकरी हवी, पण तेव्हा बाजारात नवं धान्य नसतंच. तारीख सोडावी की धान्य? (घोडबंदर रोड, ठाणे)

तारीख सोडा. आठांपैकी चार सण सूर्याचे आहेत : यूल आणि लिथा अयनदिनांना (सूर्य वळतो ते दिवस), ओस्टारा आणि मेबन विषुवदिनांना (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस). अयनदिन आणि विषुवदिन साऱ्या जगाला एकाच वेळी येतात, म्हणून ते चार दिवस हलवू नका. उरलेले चार आयर्लंड-स्कॉटलंडच्या गोठ्याशी आणि शेताशी बांधलेले. इम्बोल्क मेंढ्यांना दूध उतरतं तेव्हाचा, बेल्टेन गुरं उन्हाळी कुरणावर निघतात तेव्हाचा, लूनासा पहिल्या कापणीचा आणि साउइन गुरं परत येतात तेव्हाचा. १ ऑगस्टला मुरबाड-शहापुरात भाताची लावणी नुकती उरकलेली असते. भात कापणीला येतो तो दसऱ्याच्या आगेमागे. आणि आपल्याकडे त्यासाठी दिवस ठरलेलाच आहे : आश्विनातली नवान्न पौर्णिमा, म्हणजेच कोजागिरी. लूनासा त्या रात्री करा. पौर्णिमाही साधेल, पहिलं पीकही. बिचकू नका, आठ सणांचं हे एकत्र चक्रच इंग्लंडात १९५०च्या दशकात जुळलं आहे.

भाकरीऐवजी खीर करायची तर १ लिटर दुधाला पाव वाटी नवा तांदूळ पुरे. अर्धा तास भिजवून, निथळून, रवाळ भरडा. नवा तांदूळ चिकट असतो, पटकन दाट होतो आणि तळाला धरतो. म्हणून जाड बुडाचं पातेलं, मंद आंच आणि हातात सतत उलथनं. गूळ घालायचा असेल तर खीर खाली उतरवून कोमट झाल्यावरच, उकळत्या दुधात घातला की ते फाटतं. दुकानात ‘नवा’ असं स्पष्ट सांगून मागा, कारण भातासाठी बहुतेक गिऱ्हाईक जुनाच घेतं.

प्रश्न : यूल २१ डिसेंबरला, आपली संक्रांत १४ जानेवारीला. सूर्य खरा कधी वळतो? (ऐरोली, नवी मुंबई)

२१ किंवा २२ डिसेंबरलाच. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि अयनबिंदू, म्हणजे सूर्य वळतो ती आकाशातली जागा, ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकतो. तेवढं अंतर साचत गेलंय.

गच्चीवर स्वतः पाहा. एक मीटरची काठी सपाट जागी उभी करा आणि ओळंब्याने तपासा. ती दोन अंश कलली तरी सावली तीन-चार सेंटीमीटरने चुकते. हमखास होणारी दुसरी चूक म्हणजे घड्याळात बारा वाजता मोजणं. आपल्याकडे माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो ती वेळ, सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी होते, म्हणून १२.२० ते १२.५५ दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि सर्वांत आखूड सावली धरा. २१ डिसेंबरला ती सुमारे ९२ सेंटीमीटर भरेल, संक्रांतीला ८५. सूर्य केव्हाचाच वळलेला असतो! अयनदिनाच्या आसपास आठवडाभर मात्र फरक जेमतेम अर्धा सेंटीमीटर पडतो, तेव्हा एका दिवसाच्या मापावर विसंबू नका. २१ जूनला सूर्य माध्यान्ही आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि काठीची सात सेंटीमीटरची सावली दक्षिणेला पडते. ढग फाटले तर हे चुकवू नका, फार सुंदर दिसतं.

प्रश्न : पौर्णिमा दोन तारखांना दाखवतात तेव्हा चंद्रपूजन कोणत्या रात्री करावं? शिवाय आमच्या बाल्कनीतून डिसेंबरचा पूर्ण चंद्र दिसतच नाही. (कळवा)

पूर्णत्वाचा क्षण पाहा आणि त्याच्या सर्वांत जवळची रात्र घ्या. २०२६ मध्ये तो क्षण २६ ऑक्टोबरच्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास येतो, म्हणून कोजागिरी २५ च्या रात्री. २६ ला संध्याकाळी चंद्र गोलच वाटेल, पण तो उतरणीला लागलेला असेल.

डिसेंबरचा पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, मग वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला झाकणारच. त्या महिन्यात सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला पाहा. पारसिकच्या डोंगरामुळे तो दहा-पंधरा मिनिटं उशिरा वर येईल, तेवढा धीर धरा. जूनचा चंद्र दक्षिणेला बराच खाली राहतो, दक्षिणेकडच्या बाल्कनीतून छान दिसला असता, पण तेव्हा पाऊस. त्या रात्री दिवा घरातच लावा.