वेल्डिंग करतोय, वकील व्हायचंय, उशीर झाला का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय २४, बारावीनंतर वडील गेले आणि शिक्षण सुटलं, फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डिंग करतोस, वकील होऊन राजकारणात जायचंय पण घरचे म्हणतात आता काय उपयोग. आणि गावातल्या एका संघटनेने पद देऊ केलंय, पोरं तापट आहेत, दुसऱ्या समाजाविरुद्ध बोलतात पण ओळखी होतील, तर जाऊ का, हे तू शेवटी दोन ओळींत उरकलंयस. मला तर खरा प्रश्न तोच वाटतो.

तुला रॉबर्ट बर्ड यांच्याबद्दल सांगते. अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून १९५९ ते २०१०, म्हणजे वारले तोपर्यंत, ५१ वर्षं. वर्षाचे व्हायच्या आतच आई फ्लूच्या साथीत गेली, आत्याने कोळसा खाणीच्या भागात वाढवलं, आत्याचे यजमान खाणकामगार. शाळेत पहिले आले पण कॉलेजला पैसे कुठले! पेट्रोल पंपावर काम, किराणा दुकान, मटण कापायचं काम, आणि महायुद्धात जहाजं बांधायच्या यार्डात वेल्डिंग. हो, तुझंच काम. १९४६ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले ते फिडल (व्हायोलिन) वाजवत प्रचार करून. लॉ शिकायला लागले ते १९५२ मध्ये वॉशिंग्टनला खासदार म्हणून निवडून आल्यावर, दिवसा संसद आणि रात्री वर्ग, असं १० वर्षं. १९६३ ला डिग्री मिळाली त्या पदवीदानाला राष्ट्राध्यक्ष केनेडी होते, ते भाषणात म्हणाले की बर्डनी कित्येक वर्षं रात्रीच्या कॉलेजला जाऊन डिग्री कमावली आणि मी माझी पुढच्या ३० मिनिटांत कमावतोय (त्यांना मानद पदवी होती). बर्डची बीए तर त्याच्याही नंतर, १९९४ मध्ये, पंच्याहत्तरी उलटल्यावर! त्यामुळे २४ ला उशीर झाला हे मला मान्यच नाही.

आता संघटनेचं. बर्ड तरुणपणी, १९४० च्या दशकात, कू क्लक्स क्लानमध्ये गेले होते, काळ्या लोकांचा द्वेष करणारी संघटना. माणसं जमवायची हातोटी तिथल्याच एका मोठ्याने हेरली आणि राजकारणात जा म्हणून सांगितलं, म्हणजे ओळखींचा फायदा झाला बरं का. पण काळ्या लोकांशी होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ते सिनेटमध्ये १४ तासांहून जास्त बोलत उभे राहिले, आणि नंतर सगळं चुकलं म्हणून आयुष्यभर माफी मागत राहिले. मतं बदलली, पुढे काळ्या समाजाच्या हक्कांच्या बाजूने मतदानही केलं, तरी ९२ व्या वर्षी गेले तेव्हा बातम्यांत क्लान होतंच. मला हे वाचून फार वाईट वाटतं, कारण एवढा अभ्यासू माणूस, खिशात राज्यघटनेची प्रत घेऊन फिरणारा, सिनेटचा इतिहास चार खंडांत लिहिणारा.

तुझ्यासाठी रस्ता असा: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए कर, नोकरी सांभाळून होतं, तू बारावी पास आहेस त्यामुळे त्यावर पुढे सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी करता येते. एलएलबी मात्र पोस्टाने किंवा घरबसल्या चालत नाही, बार कौन्सिल ती मानत नाही, कोणी स्वस्तात देतो म्हणालं तर पैसे भरू नकोस. त्या तीन वर्षांचं घरखर्चाचं गणित आतापासून मांडून ठेव, शॉपच्या मालकांशी शिफ्टबद्दल बोलून बघ.

आणि त्या पोरांच्या ग्रुपमधून आजच बाहेर पड, मग मला लिही, अॅडमिशनचं आपण बसून बघू.