इंटरव्ह्यूला जाताना थोडी विक्री शिकून जा

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. चाकणला इंटरव्ह्यू झाला, रांजणगावला झाला, सगळीकडे "कळवतो" म्हणून पाठवलं आणि नंतर कोणी कळवलं नाही, आणि शेवटी तू लिहिलंयस की काका मला स्वतःचं मार्केटिंग जमत नाही, मला ते खोटं बोलल्यासारखं वाटतं. मला या शेवटच्या वाक्यावरच बोलायचंय, कारण बाकी तुझं सगळं व्यवस्थित आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, भोसरीला वर्षभर क्वालिटीत अप्रेंटिसशिप झालीय, व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर म्हणजे पार्टमधलं भोक मोजायचं बोअर गेज, ही मापायची साधनं तू स्वतः वापरलीयस. अडतंय ते सांगण्यात, आणि सांगणं शिकता येतं.

मी सगळी नोकरी एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती देत फिरण्याची केली, आधी बॅग घेऊन सांगली-मिरजेत आणि मग एरिया मॅनेजर झाल्यावर नव्या पोरांबरोबर जॉइंट वर्क करत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, एका रस्त्यावर दिवसभराचे कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, होतात. विक्री म्हणजे गोड बोलून माल गळ्यात मारणं असं खूप लोकांना वाटतं, पण ओपीडीच्या गर्दीत दोन पेशंटच्या मधे डॉक्टर आपल्याला एखादं मिनिट देतात आणि त्या विषयातलं त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, तिथे गोड बोलून काहीही होत नाही. त्यांच्याकडे कुठले पेशंट येतात हे आपल्याला माहीत पाहिजे आणि त्या पेशंटला आपल्या औषधाचा उपयोग काय हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, बस. तुझा इंटरव्ह्यू घेणारा क्वालिटी मॅनेजर अशाच गर्दीतून आलेला असतो. लाइनवर काहीतरी अडकलेलं असतं, कस्टमरचा फोन येऊन गेलेला असतो, आणि एचआरने त्याला अर्ध्या तासासाठी खुर्चीत बसवलेलं असतं. त्याला त्याचं काम हलकं करणारा माणूस हवाय. तू तो आहेस का एवढंच तो बघतो.

आमच्याकडे कॉलच्या आधी आरसीपीए करतात, म्हणजे डॉक्टर काय लिहून देतात याची केमिस्टकडे चौकशी. डॉक्टरच्या जवळच्या केमिस्टकडे जायचं, काउंटरला उभं राहून विचारायचं की मॅडम सध्या काय लिहितायत, कुठल्या कंपनीचं जास्त जातं, महिन्याला साधारण किती स्ट्रिप. हे न करता केबिनमधे गेलं की आपण आपल्यालाच हवं ते बोलत बसतो. तुझा आरसीपीए म्हणजे आधी ती जाहिरात. तू ती फक्त "आपण बसतो का" एवढं बघायला वाचतेस, ती त्यांचं दुखणं काय आहे हे शोधायला वाच. जाहिरातीत एट-डी (8D), म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत, आणि कस्टमर कंप्लेंट हँडलिंग लिहिलं असेल तर बहुतेक कस्टमरकडून माल परत येतोय किंवा तक्रारी वाढल्यात. पीपीएपीची, म्हणजे पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं लिहिली असतील तर नवीन पार्ट येणार असण्याची शक्यता आहे. हे अंदाज आहेत, तिथे जाऊन तपासायचे, पण अंदाज घेऊन गेलेली मुलगी आणि कोरी पाटी घेऊन गेलेली मुलगी यात समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत फरक कळतो. मग त्यांची वेबसाइट बघ, पार्ट कुठले बनतात, टर्निंग म्हणजे लेथचं काम आहे की प्रेस शॉप की फोर्जिंग, आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांच्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट आहे का. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल फुकट मिळतो, त्यात नवीन प्लँट, नवीन लाइन याबद्दल सरळ लिहिलेलं असतं आणि फ्रेशर सहसा तो उघडत नाहीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे तुझ्या पॉलिटेक्निकचे सीनियर, त्यातलं कोणी ना कोणी त्या पट्ट्यात असणारच, त्यांना फोन कर. पहिली शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला थांबलीस तरी मशीन कुठल्या, काम कसं, शिफ्ट कशा हे कळतं. फक्त कंपनीच्या आतल्या गोष्टी खोदून विचारू नकोस, ते बरं नाही.

आता "टेल मी अबाउट युवरसेल्फ". तू मला म्हणून दाखवलंस ते नाव, गाव, वडील काय करतात, टक्के, छंद वाचन. हे सगळं त्याच्या समोरच्या कागदावर आहे गं. त्याऐवजी असं काहीतरी: "मी एक वर्ष सीएनसी टर्निंगच्या लाइनवर इन-प्रोसेस इन्स्पेक्शन केलंय, बुश आणि स्लीव्ह होते. तिथे बोअर ओव्हरसाइज जायचा त्रास होता, तो कमी करायच्या कामात मी होते. तुमच्याकडे पण टर्न्ड पार्ट आहेत असं वाचलं म्हणून अर्ज केला." एवढं बोल आणि थांब. तो विचारणारच की कसा कमी केलात, आणि मग पुढची दहा मिनिटं तुला येतं त्या विषयावर जातात.

आणि या "कसा कमी केलात" वर मला तुझा सगळ्यात जास्त राग आला, प्रेमाने सांगतोय. मागे फोनवर तू मला किती छान सांगितलं होतंस, की पीस बाद व्हायचे पण कारण कळत नव्हतं, मग तू तासातासाची चेक शीट ठेवलीस, दोन आठवडे न चुकता भरलीस, आणि त्यात दिसलं की बाद पीस इन्सर्ट, म्हणजे मशीनची कापणारी टीप, बदलल्यावरच्या तासात जास्त आहेत, कारण ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकून पहिला पीस न मोजताच लाइन चालू करत होता. मग सुपरवायझरने इन्सर्ट बदलला की पहिला पीस बोअर गेजने तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम केला आणि रिजेक्शन खाली आलं. आणि हे रेझ्युमेमधे काय लिहिलंयस तर "सेव्हन क्यूसी टूल्सचं ज्ञान", म्हणजे क्वालिटीतल्या सात साधनांचं, चेक शीट त्यातलंच एक. बास? असं ज्ञान तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं आहे.

विक्रीत आम्हाला पहिल्या ट्रेनिंगमधे हेच घोटवतात, की औषधात काय आहे हे सांगून थांबायचं नाही, त्यामुळे पेशंटचं काय होणार तिथपर्यंत जायचं. गोळी दिवसातून एकदाच घ्यायची आहे हे झालं औषधाबद्दल, पण म्हाताऱ्या पेशंटचा डोस चुकणार नाही हे डॉक्टरच्या कामाचं. तसं तू रेझ्युमेतली प्रत्येक ओळ घे आणि स्वतःला विचार "मग त्यांचं काय होईल?" बोअर गेज वापरता येतं, मग? पहिल्या दिवसापासून लाइनवर उभी राहू शकते, शिकवायला माणूस अडकवावा लागणार नाही. चेक शीट ठेवते, मग? बाद माल पुढे जायच्या आधी कारण सापडतं. ज्या ओळीला उत्तर मिळत नाही ती ओळ काढून टाक, छंद वाचन पहिलं काढ.

तू म्हणालीस की इंटरव्ह्यूत हे बोलले नाही कारण ते तर सरांनी केलं. मग तसंच सांग ना, चेक शीट मी ठेवली, कारण मी दाखवलं, निर्णय सरांनी घेतला. यात एक अक्षर खोटं नाही, आणि "मी सगळं केलं" म्हणणाऱ्यापेक्षा यावर कुठलाही मॅनेजर जास्त विश्वास ठेवेल, कारण कारखान्यात काम असंच होतं हे त्याला माहितीय. रिजेक्शन किती कमी झालं तो आकडा तुझ्या वहीत असेल तर बघ. मनाने बनवू नकोस, तो दोन प्रश्नांत पकडेल. एक कोरा कागद आणि पेन बरोबर ठेव, पॅरेटो, म्हणजे कुठल्या कारणाने किती पीस बाद याचा उतरत्या क्रमाचा आलेख, किंवा तासांचा तक्ता त्याच्यासमोर हाताने काढून दाखव, आम्ही डॉक्टरला दाखवायचो त्या चित्रांच्या फोल्डरचं, व्हिज्युअल एडचं, काम तेवढा कागद करतो. पण जुन्या कंपनीचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, कस्टमरचं नाव काहीही बाहेर काढायचं नाही, जी मुलगी त्यांचं दाखवते ती उद्या आपलं पण दाखवेल असं तो समजणार आणि बरोबर समजणार.

खोटेपणाचं तुला जे वाटतं त्याबद्दल. औषध विक्रीसाठी २०२४ ला केंद्र सरकारच्या औषध विभागाने यूसीपीएमपी नावाची संहिता काढली, त्याआधी २०१५ पासून ऐच्छिक होती. त्यात डॉक्टरला गिफ्ट देऊ नका वगैरे आहेच, पण मला त्यातलं आवडतं ते बोलण्याबद्दलचं. औषधाला साइड इफेक्ट नाहीतच असं ठामपणे म्हणायचं नाही. "सेफ" हा शब्द नुसता मोकळा वापरायचा नाही. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाजारात असलेल्या औषधाला "नवीन" म्हणायचं नाही. बघ, जे विक्रीवर जगतात त्यांच्यासाठी हा नियम आहे, मग तुला स्वतःबद्दल बोलताना खोटं बोलायची गरज काय? "तुमची वीकनेस काय" विचारलं की मी परफेक्शनिस्ट आहे असलं यूट्यूबवरचं उत्तर देऊ नकोस. सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर मी स्वतः प्रोग्रॅम केलेला नाही, रिपोर्ट वाचता येतो, शिकायला मिळालं तर लवकर शिकेन, असं सांग. मर्यादा आपण होऊन सांगितली की बाकीच्या बोलण्याला वजन येतं, हे मी केबिनमधे कितीदा पाहिलंय.

नंतर अडचणीचे प्रश्न. दुसऱ्या वर्षी विषय का राहिला, डिग्री का नाही केली, सेकंड शिफ्टला जमेल का. तू लिहिलंयस की हे विचारलं की मला वाटतं संपलं. उलट आहे गं! ज्या डॉक्टरला औषधात रस नाही तो हसून "ठीक आहे, बघतो" म्हणतो आणि पुढच्या पेशंटला आत घेतो. जो म्हणतो महाग आहे, अॅसिडिटी होते, तो विचार करतोय. म्हणून प्रश्न पूर्ण ऐक, मधे तोडू नकोस, चेहरा पाडू नकोस. नेमकी काळजी काय आहे कळलं नाही तर विचार, "सर तुम्हाला टक्क्यांचं वाटतंय की त्या विषयातलं काम जमेल का हे वाटतंय?" मग उत्तर छोटं दे. विषय राहिला होता, पुढच्या सेमला काढला, आणि त्याच विषयातलं काम वर्षभर हाताने केलंय. झालं, स्पष्टीकरण लांबवलं की माणूस दोषी वाटायला लागतो. शिफ्टचं उत्तर मात्र घरी आईबाबांशी बोलून ठरवून जा, कंपनीची बस असेल तर जमेल, नसेल तर नाही, जे असेल ते. तिथे हो म्हणायचं आणि नंतर घरी भांडणं असं नको. इंग्रजी अडखळलं तर सरळ विचार "मराठीत सांगू का, नाहीतर हिंदीत?" बोअरचा प्रॉब्लेम मराठीत नीट सांगितलेला चांगला.

आणि एक प्रश्न तू विचारायचास, शक्यतो सुरुवातीला, त्यांनी कंपनीची माहिती दिली की लगेच: "सर, या जागेवर येणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांत कुठलं काम सांभाळलं तर तुमचा ताप कमी होईल?" आणि मग ऐक, लिहून घे. माझ्या मते सगळ्या विक्रीत याच्यापेक्षा मोठं तंत्र नाही. तो जे सांगेल त्याला जोडून तुझं बोलायचं, बाकी येत असलेलं सगळं सोडून द्यायचं, कितीही वाईट वाटलं तरी.

शेवटी मागायचं. नवीन एमआर सगळं छान बोलतात आणि प्रिस्क्रिप्शन न मागताच बॅग उचलतात, का तर लाज वाटते. तू पण "थँक्यू सर" म्हणून उठतेस. त्याआधी विचार, "माझ्याबद्दल काही शंका राहिली असेल तर आत्ताच विचारा सर," आणि मग म्हण की मला हे काम करायचंय, पुढे काय प्रोसेस आहे. आणि गप्प बस. शांतता झाली तरी आपण भरायची नाही.

पगाराचं शेवटी, त्यांना तू हवी आहेस असं दिसल्यावर. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, ऐकून खूश होऊ नकोस, त्यात कंपनीचा पीएफ धरलेला असतो, बऱ्याचदा बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी पण, जी दर महिन्याला हातात येत नाही. हातात किती, बस आणि कँटीन कापतात का, आणि कंपनी रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे तिन्ही न लाजता विचार. आणि जॉइनिंगसाठी कोणी कन्सल्टन्सीवाला पैसे मागत असेल तर तिथून ऊठ, मला विचारायला पण थांबू नकोस.

संध्याकाळी तीन-चार ओळींचा मेल टाक, त्यांनी सांगितलेल्या एका अडचणीचा त्यात उल्लेख कर. आठवड्याने एकदा विचार, त्यानंतर नाही. आणि बाहेर पडल्यावर बस यायच्या आधी वहीत लिही, काय विचारलं, कुठे अडकले, कशावर तो पुढे सरकून बसला. आम्ही रोज रात्री डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट, भरायचो, तसं.

तळेगावचा शुक्रवारी आहे ना. बुधवारी रात्रीपर्यंत मला दोन गोष्टी पाठव, त्या कंपनीबद्दल काय काय कळलं ते, आणि सुरुवातीचं दीड मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून. गुरुवारी नऊनंतर फोन कर, मी मॅनेजर बनतो आणि तुला आडवेतिडवे प्रश्न विचारतो, विषय राहिल्याचा तर दोनदा विचारणार आहे.